ऊसतोडीचं स्थलांतर थांबवण्याआधी उचलीचं बोलूया

डोंगरपट्टा

दिवाळीच्या आसपास पेपरात एक फोटो ठरलेला असतो. ट्रॉलीत भांडीकुंडी, बाजरीची पोती, एखादी शेळी आणि वर बसलेली पोरं. खाली मथळा, 'ऊसतोड मजुरांचे स्थलांतर सुरू'. मग चारजण हळहळतात, हे स्थलांतर थांबलं पाहिजे असं कोणीतरी विधिमंडळात बोलतं आणि कारखान्यांचे पट्टे पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, विषयही मिटतो.

मी बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला. आई-वडिलांची उमेद कारखान्याला जाण्यात गेली. मी शिकलो तो त्याच पैशावर, आज पुण्यात नोकरी करतो. त्यामुळे 'थांबवा' हा शब्द ऐकला की मला पहिला प्रश्न पडतो, थांबून खायचं काय?

आधी जमिनीचं सांगतो. बीड जिल्हा सगळा एकसारखा नाही. गेवराई-माजलगावकडे गोदावरी आहे, जायकवाडीचा उजवा कालवा आहे, माजलगावचं धरण आहे. तिथं ऊस पिकतो, कारखानेही आहेत. आम्ही वर बालाघाटावर. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, शेजारचे पाथर्डी आणि जामखेड. मुरमाड हलकी रानं, पावसाचा भरवसा नाही आणि कालव्याचं पाणी डोंगरावर चढत नाही. तीन-चार एकरांत बाजरी, तूर, उडीद, अलीकडे कापूस आणि सोयाबीन. खरीप निघालं की पुढच्या मिरगापर्यंत हाताला काम नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, पुढे नगर, सातारा, सांगली, कोल्हापूरकडे कारखाने उभे राहत गेले आणि तोडायला माणसं लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर आमच्याकडून जाणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. आज राज्यातल्या ऊसतोड कामगारांचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत सांगितले जातात, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा बीडचा.

आता मूळ मुद्दा, उचल, म्हणजे तोडणीच्या मजुरीपोटी आधीच मिळणारी रक्कम. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, बी-बियाण्याला पैसा नसतो, त्याच वेळी तोडणीची टोळी जमवणारा मुकादम दारात येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एका कोयत्याला आज लाखाच्या आगेमागे उचल मिळते. त्याला सातबारा लागत नाही, जामीनदार लागत नाही, बँकेत चार चकरा माराव्या लागत नाहीत. पोरीचं लग्न, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, मागचं देणं, सगळं त्यातून निघतं. आमच्या भागात कोरडवाहू कुटुंबाच्या हातात एकरकमी लाख रुपये ठेवणारी दुसरी कुठलीच व्यवस्था नाही. लोक कोयता उचलतात ते मुख्यतः या रकमेसाठी.

आणि अडकतात तेही त्याच रकमेत. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपये ठरले. फड, म्हणजे तोडायचा ऊस, बरा असला तर जोडी दिवसाला दोन टनांपर्यंत जाते. म्हणजे ७३२ रुपये, दोघांचे मिळून. पहाटे चारला उठून तोडायचं, साळायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढून गाडी भरायची. गाडी रात्री दोनला आली तर दोनला भरायची. लाखाची उचल फिटायला २७३ टन ऊस लागतो. रोज दोन टन धरले तर साडेचार महिने, मध्ये एकही खाडा न करता. त्यात पंधरवड्याला मिळणारी खर्ची पुन्हा उचलीतच धरली जाते. २०२४-२५ चा हंगाम नोव्हेंबरच्या मध्याला सुरू झाला आणि बरेच कारखाने फेब्रुवारी-मार्चमध्येच बंद पडले. फिटली नाही ती बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

म्हणून मला वाटतं, जूनमध्ये हे पैसे दुसरीकडून, लिखापढीनं आणि मुकादमाच्या मेहरबानीशिवाय मिळायला हवेत. तोवर वसतिगृहं, ओळखपत्रं, विमा हे सगळं चांगलं असूनही वरवरचं राहणार. या मंचावर कारखान्याच्या भागातलीही मंडळी आहेत, त्यांचंही ऐकायचं आहे.

कृष्णाकाठ

धागा मनापासून वाचला. मी शिरोळ तालुक्यातला ऊस उत्पादक. आमच्या बाजूचंही सांगतो, राग मानू नका.

कारखाना उचल थेट मजुराला देत नाही. वाहनमालकाशी करार करतो, त्याला ॲडव्हान्स देतो, तो मुकादमाला देतो, मुकादम टोळीला. आमच्या गावात एका पोरानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, स्वतःची भर घालून दहा-बारा कोयत्यांची उचल दिली. दसरा गेला, दिवाळी गेली, टोळी आलीच नाही. मुकादमानं तेच कोयते दुसऱ्याला दाखवून तिकडूनही पैसे घेतले होते. ट्रॅक्टरचे हप्ते सुरू आणि ट्रॉली दारात उभी. असे वाहनमालक गावोगाव आहेत. बुडवणारा मुकादम असतो, पण नंतर वसुलीला माणसं जातात ती गरीब मजुराच्या घरी, हे मी मान्य करतो. काहींना जबरदस्तीनं आणून कामाला लावतात, तेही बघितलंय. ते चूकच आहे.

शेतकऱ्याचं म्हणाल तर तोड वेळेत आली नाही की उसाला तुरा येतो, वजन घटतं. मग टोळीला खुशाली द्या, ड्रायव्हरला एंट्री द्या, म्हणजे वरचे पैसे. बिलातून तोडणी-वाहतूक कापली जातेच, वर हे. त्यामुळे आमच्याकडची माणसं आता हार्वेस्टरकडे डोळे लावून बसलीत. सरकारनं ४० टक्के किंवा ३५ लाख, यातलं जे कमी असेल ते अनुदान दिलंय. पण मशीनला सरी रुंद लागते, रान सलग लागतं. माझं दीड एकर तीन तुकड्यांत आहे आणि ऊस वाऱ्यानं लोळलेला असतो. माझ्या रानात अजून बरीच वर्षं कोयताच लागणार.

एक प्रश्न आहे. मुकादम मधून काढला तर टोळी जमवणार कोण? कारखान्याचा शेतकी अधिकारी आष्टीच्या वस्त्यांवर फिरणार आहे का?

माणदेशी

आमच्या आटपाडी-खानापूर भागाचं उदाहरण इथं ठेवावंसं वाटतं. दुष्काळ तोच. रानं तशीच, किंबहुना जास्त वाईट. पण आमच्याकडची माणसं गलाईला गेली. जुने दागिने वितळवून सोनं-चांदी शुद्ध करायचा धंदा. केरळ, तामिळनाडू, दिल्ली, कोलकाता, पंजाब, कुठल्याही सराफ बाजारात शिरा, मागच्या गल्लीत विट्याकडचा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडेल. माझे चुलते कोइमतूरला गेले ते मिसरूड फुटायच्या आत. भावकीतल्या माणसाच्या दुकानात राहायचं, भट्टी पेटवायची, मूस कधी उतरायची ते नजरेनं शिकायचं, ॲसिडचा धूर छातीत घ्यायचा. चार-पाच वर्षांनी हातात कसब आलं की भावकीच भांडवलाला हात देते आणि गडी स्वतःचं दुकान टाकतो.

दोन्हीकडे माणूस गाव सोडूनच गेला. फरक पडला तो कसबाचा आणि भांडवलाचा. गलाईवाल्याचं हुन्नर दर वर्षी वाढलं, आणि ते त्याच्यापाशीच राहिलं. ऊसतोडीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला पहिल्या वर्षी आलेल्याइतकाच दर मिळतो. गलाईतही पोरांचे हाल होतात, मालक राबवून घेतो, सगळं गोड नाही. पण बाहेर जाणं म्हणजे हलाखीच, असं धरून चालू नये म्हणून लिहिलं.

अजून एक. टेंभूचं पाणी आमच्या भागात आलं, डाळिंबाच्या बागा झाल्या. गेलेले सगळे परत आले का? नाही. काहींनी तिकडून पैसे पाठवून इकडं बाग केली. पाणी आलं म्हणजे जाणं थांबतं असं नाही, जायचं की नाही हे माणसाच्या हातात येतं.

मुक्तछंद

शहरी माणसाचा प्रश्न, चुकीचा असेल तर सांगा. रोजगार हमी महाराष्ट्रातच जन्माला आली ना? गावात शंभर दिवस काम मिळालं तर एवढ्या लांब जायची गरज काय?

डोंगरपट्टा

@मुक्तछंद, प्रश्न रास्त आहे. ७२ च्या दुष्काळी कामांतूनच ती योजना उभी राहिली, कायदा १९७७ चा. आमच्या आज्यानं खडी फोडलेली आहे. पण २०२४-२५ मध्ये मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीची, मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. जोडीचे ५९४. वरच्या ७३२ शी तुलना केली तर फरक फार मोठा नाही आणि घरी राहायला मिळतं. मग लोक का जातात? कारण मजुरी कामानंतर मिळते, तीही कधी खात्यावर पडेल सांगता येत नाही, आणि पोरीचं लग्न २९७-२९७ नं होत नाही. लोकांना आधी रक्कम लागते. रोजगार हमीचा उपयोग परतल्यानंतर होतो, एप्रिल-मेमध्ये बांधबंदिस्तीची कामं निघाली तर घर चालतं. ती तेव्हा निघायला हवीत.

@माणदेशी, तुमचा कसबाचा मुद्दा मला लागला. माझ्या वडिलांच्या हाताचा वेग अख्ख्या टोळीत नावाजलेला होता. त्याचा कुठं एक रुपया वेगळा मिळाला नाही.

आरोग्यवाट

मी परिचारिका आहे, बीड जिल्ह्यात काम केलं आहे. 'एक कोयता म्हणजे नवरा-बायको' हे इथं सगळ्यांनी सहज लिहिलं, त्यातल्या बायकोबद्दल थोडं सविस्तर लिहिते.

ती गड्याच्या आधी उठते. अंधारात चूल, भाकऱ्या, पाणी. मग फडात दिवसभर, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं हे बहुतेक तिचंच काम. रात्री परत चूल. कोपी म्हणजे पाचटाची किंवा ताडपत्रीची झोपडी, आत वाकून शिरायचं. संडास नाही, न्हाणीघर नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा उसाचा आणि धुवायला पाणी मिळेल तिथलं. अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं हे इतकं सर्रास की त्या ते आजार म्हणून सांगतही नाहीत. खाडा झाला की दंड, म्हणून गोळी घेऊन उभं राहायचं. गरोदरपणात शेवटच्या महिन्यापर्यंत मोळ्या उचललेल्या बायका मी तपासल्या आहेत.

त्यातूनच गर्भपिशवी काढण्याचा प्रकार वाढला. २०१९ मध्ये गवगवा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. एक बाई माझ्यापुढं बसली होती, वय पस्तिशीच्या आत, हाडं दुखतात म्हणून आलेली. 'कॅन्सर होईल, काढून टाका, कटकट मिटेल' असं खासगी दवाखान्यात सांगितलं होतं. ऑपरेशनला पैसे कुठून आणले विचारलं तर म्हणाली, 'उचल वाढवून घेतली.' म्हणजे कामासाठी पिशवी काढली आणि पिशवीसाठी आणखी काम अंगावर घेतलं.

डोंगरपट्टा यांनी हिशेब मांडला तो बरोबर आहे. त्यात एवढंच जोडते की ७३२ मधले तिचे ३६६ तिच्या हातात कधीच येत नाहीत. उचल नवरा घेतो, अंगठा त्याचा, हिशेब त्याच्या नावावर. विधवा किंवा टाकलेली बाई गेली तर ती अर्धा कोयता. तिचं स्वतंत्र खातं, स्वतंत्र नोंद आणि पाळीच्या दिवसांत दंडाशिवाय सुट्टी, हे करारात आल्याशिवाय कुठल्याही सुधारणेला मी सुधारणा म्हणणार नाही.

तळकोकणी

आमच्या कोकणातून माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली, पण पुरुष गेला आणि बाई गावात राहिली. शेती, म्हातारी माणसं, पोरांची शाळा तिनं सांभाळली, मनीऑर्डर येत राहिली. तुमच्याकडं जोडीनं जावं लागतं म्हणून घरच बंद होतं. हा फरक मला आज पहिल्यांदा नीट समजला. आरोग्यवाट, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

खडूफळा

आष्टी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. उशिरा येतोय, सहामाहीचे पेपर तपासत होतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा वर्गात निम्मी पोरं असतात. जी राहतात ती आजी-आजोबांकडे. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालवतो. म्हणजे शाळेतच सकाळ-संध्याकाळ जेवण, रात्री पोरं आजीकडं झोपायला. कल्पना उत्तम आहे. अडचण अशी की मंजुरी आणि पैसा येईपर्यंत बऱ्याचदा डिसेंबर उजाडतो, आणि आई-बाप निघतात ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 'गुरुजी, जेवणाचं नक्की का?' असं आई विचारते तेव्हा माझ्याकडे ठाम उत्तर नसतं. ठाम उत्तर नसलं की ती पोराला सोबत नेते. किराणा दुकानदाराच्या उधारीवर आम्ही शिक्षकांनी वसतिगृह सुरू ठेवलेलं आहे, कारण एकदा ट्रक हलला की पोर हातचं गेलं.

पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा होत्या. संस्थांनी त्या जीव ओतून चालवल्या. पुढे त्या बंद होत गेल्या आणि पोरांनी जवळच्या नेहमीच्या शाळेत जावं असं ठरलं. पण टोळी फडाफडानं फिरते, शाळा तीन-चार किलोमीटर लांब, भाषेचा हेल वेगळा. नऊ-दहा वर्षांची मुलगी शाळेत जाण्याऐवजी कोपीवर धाकटं भावंड सांभाळते.

आणि मुलींचं लग्न. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे ४४ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. राज्याचा आकडा २२ च्या आसपास. लोक याला अडाणीपणा म्हणतात, मला ते पटत नाही. वयात आलेली पोर मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा बापापुढचा खरा प्रश्न असतो. आणि लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. ज्या मुलीला दहावीपर्यंत राहायला सुरक्षित जागा मिळाली तिचं लग्न लांबलं, हे मी माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींत पाहिलंय. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना आली, मुलांचं एक, मुलींचं एक. मुलींचं वसतिगृह प्रत्येक तालुक्यात स्वतःच्या इमारतीत, भिंत-कुंपण आणि स्त्री अधीक्षकासह उभं राहावं, ही माझी एकच मागणी आहे. रस्ते नंतर करा.

डोंगरपट्टा

सगळ्यांचे आभार. सवडीनं उत्तर देतो.

@कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. मुकादम आमच्यातलाच असतो, बऱ्याचदा आधी स्वतः कोयता चालवलेला. दवाखान्यात न्यायला, भांडण मिटवायला, कारखान्यावर बोलायला तोच असतो. त्याला हटवा असं मी म्हणत नाही. त्याचं कमिशन वेगळं ठरलेलं आहे, ते त्यानं घ्यावं. पण पैसे त्याच्या हातून जाऊ नयेत. कारखान्यानं उचल मजुराच्या खात्यावर टाकावी, नवऱ्याची नवऱ्याच्या, बायकोची बायकोच्या (आरोग्यवाट, हे तुमच्यामुळे), आणि प्रत्येक खेपेच्या वजनाची पावती टोळीला मिळावी. असं झालं तर तुमच्या गावातल्या त्या ट्रॅक्टरवाल्याचेही पैसे बुडणार नाहीत, कारण एका माणसाच्या नावावर दोन ठिकाणी उचल पडली की ते दिसेल.

आज कागदोपत्री कारखाना आमचा मालकच नाही. मालक कोण, तर वाहनाचा ठेकेदार. अपघात झाला, फडात साप चावला, विहिरीत पोर पडलं, की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य होता. आमचा माणूस बेळगावला गेला तर तो त्या कायद्याच्या कक्षेत यायचा, त्याच रस्त्यावर अलीकडे कोल्हापुरात थांबला तर यायचा नाही. काम तेच, कोयता तोच.

ऊसतोड कामगारांच्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे १० रुपये कारखान्यांकडून आणि तेवढेच सरकारकडून असं ठरलेलं आहे. राज्यातलं गाळप कोट्यवधी टनांत जातं, म्हणजे हा पैसा थोडा नाही. यातून जूनमध्ये कमी व्याजाचं कर्ज सुरू करावं, अगदी कोयत्यामागे तीस-चाळीस हजार जरी दिले तरी माणूस मुकादमाशी घासाघीस करू शकेल. पहिल्या वर्षी फक्त ज्यांच्या अंगावर जुनी बाकी आहे त्यांना द्या. ती बाकी फिटली की माणूस मुकादम बदलू शकतो, कारखाना बदलू शकतो, एखादं वर्ष घरी राहू शकतो. माणदेशींनी लिहिलं तसं, ते त्याच्या हातात येतं.

कृष्णाकाठ

खात्यावर उचल आणि दोन ठिकाणी पडली की दिसेल, हे आमच्याकडच्या वाहनमालकांनाही पटेल. पुढच्या बैठकीत मांडतो.

@खडूफळा गुरुजी, एक विचारायचं होतं. आमच्या मळ्यालगत आठ-दहा कोप्यांची टोळी उतरलीय, केजकडची. पाच-सहा पोरं शाळेच्या वयाची आहेत. गावातल्या शाळेत घेऊन गेलो तर दाखला आणा म्हणाले. काय करता येईल?

खडूफळा

दाखला नसला तरी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. वयानुसार वर्गात बसवायचं. मूळ शाळेनं शिक्षण हमी पत्रक (पोर कुठल्या इयत्तेत शिकत होतं याची नोंद) दिलं असेल तर आई-बापाकडं विचारा, बऱ्याचदा पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवलेलं असतं. नसेल तर पोराचं नाव, गाव आणि इयत्ता मला निरोपातून कळवा, केजमधली शाळा शोधून मुख्याध्यापकांशी मी बोलतो आणि पत्रक मोबाइलवर पाठवायला सांगतो. सहा वर्षांच्या आतली असतील तर अंगणवाडीत न्या, गरोदर बाई असेल तर तिचंही नाव तिथं घालून घ्या. रेशनही आता तिकडच्या दुकानातून मिळतं, अंगठा जुळला की झालं.

सकाळी शाळेपर्यंत पोहोचवायला कोणी आहे का तेवढं बघा. अंतर जास्त असेल तर पोरं दोन दिवस जातात आणि तिसऱ्या दिवशी फडात दिसतात.

कृष्णाकाठ

दूध घालायला रोज शाळेवरूनच जातो. घेऊन जाईन. नावं रात्री पाठवतो.